गाडी कुठे थांबवायची?

मासाई मारात गाडी कुठे थांबवायची, यावर माझ्या मावशीचं आणि दादाचं एकमत होत नाही. दादा वन्यजीव छायाचित्रकार आहे. दर ऑगस्टमध्ये पुण्या-मुंबईची, नाशिक-कोल्हापूरकडची हौशी माणसं घेऊन तो केनियाला जातो. मावशी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेली पशुवैद्य. तिची उभी नोकरी माण-खटाव, आटपाडी अशा दुष्काळी तालुक्यांत गेली. चारा छावण्या, लसीचे डबे आणि अडलेल्या गाई यांतच तिने आयुष्य काढलं. दोघं एकाच माळाकडे बघतात, तेव्हा दादाची नजर शिकार कुठे होतेय ते शोधते आणि मावशीची नजर गवत कोण खातंय ते. या वेळी मीही त्यांच्याबरोबर होते. तालेक नदीच्या काठावरच्या मुक्कामात रात्रीच्या जेवणानंतर दोघांचं जे बोलणं झालं, ते इथे देते आहे. मधेमधे मला काय वाटलं तेही लिहिलं आहे.

त्या दिवशी सकाळभर आम्ही मारा नदीवर थांबलो होतो. हजारो विल्डबीस्ट नदी ओलांडायला काठापर्यंत आले आणि पाण्यात न उतरता मागे फिरले.

दादा: मावशी, तू जेवताना गप्प होतीस. क्रॉसिंग झालं नाही म्हणून वाईट वाटलं का? अगं, इथे असं होतंच. कळप काठावर येतो, परत जातो, पुन्हा येतो.

मावशी: क्रॉसिंग झालं नाही त्याचं काही नाही रे. ते का झालं नाही, ते मी डोळ्यांनी बघितलं. पुढची मादी उतरणीच्या तोंडाशी आली होती. पुढचे दोन्ही खूर मातीत रुतलेले, मान खाली, पाण्याचा वास घेत होती. मग तिने समोर पाहिलं. पलीकडे जिथून वर चढायचं, त्या वाटेच्या दोन्ही अंगांना गाड्या. कोणी छपरातून उभं राहून हात हलवतंय, कोणी लेन्स रोखलीय. तिचे कान ताठ झाले, ती नाकातून फुरफुरली आणि जागच्या जागी वळली. ती वळली तसा मागचा सगळा कळप वळला. गुरं पाण्यावर नेताना वाटेत कोणी उभं राहिलं तर गुराखी आधी त्याला बाजूला करतो. इथे बाजूला करणारं कोणी नव्हतं.

दादा: नियम आहे. गाड्यांनी काठापासून मागे राहायचं, पहिलं जनावर पाण्यात उतरल्यावरच पुढे यायचं. बरेच ड्रायव्हर तो पाळतात. आणि एकही गाडी नसताना कळप असाच मागे फिरलेला मी पाहिलाय. मगर दिसली, वारा फिरला, पाणी चढलेलं असलं, तरी फिरतो. आजचं गाड्यांमुळेच झालं हे कशावरून?

मावशी: एका कळपावरून सिद्ध होणार नाही, हे कबूल. पण चित्त्यांचं तर मोजून झालंय. तूच मला वाचायला दिलं होतंस.

मावशी बोलत होती तो अभ्यास मारामधलाच, २०१८ साली प्रसिद्ध झालेला. जिथे पर्यटकांची वर्दळ कमी, तिथल्या चित्ता मादीची एका वेतातली सरासरी २.३ पिल्लं मोठी होऊन आपल्या पायांवर उभी राहिली. जिथे वर्दळ फार, तिथे ०.२. चित्ता बहुधा दिवसा शिकार करतो, कारण सिंह आणि तरस त्या वेळी सुस्तावलेले असतात. नेमकी तीच आपल्या गाड्या फिरण्याची वेळ.

मावशी: पाच वेतांत मिळून एक पिल्लू जगलं. माझ्या तालुक्यात एखाद्या गोठ्यात असं झालं असतं, तर मी त्याला साथ म्हटलं असतं आणि त्याच दिवशी जिल्ह्याला कळवलं असतं.

दादा: हा आकडा मी प्रत्येक गटाला सांगतो. पण तो नीट वाच, मावशी. कमी वर्दळीच्या भागात पर्यटक जात नाहीत असं नाही. जातात, मोजके जातात. म्हणजे हा आकडा आपण इथे येण्याच्या विरोधात नाही, एकाच ठिकाणी झुंबड करण्याच्या विरोधात आहे. अभयारण्याला लागून ज्या कॉन्झर्व्हन्सी आहेत ना, ओलारे मोटोरोगी, नाबोइशो, त्या अशाच चालतात. जमीन मासाई कुटुंबांची, प्रत्येकाच्या नावावरची. सामायिक चराऊ रानं वाटली गेली तेव्हा प्रत्येकाला तुकडा मिळाला. त्या तुकड्याला कुंपण घालता आलं असतं, तो विकता आला असता, गव्हाला देता आला असता. त्याऐवजी अनेक कुटुंबांनी एकत्र येऊन जमीन तंबूवाल्यांना भाड्याने दिली. दर महिन्याला भाडं येतं. तंबू किती, गाड्या किती, हे ठरलेलं. गुरं कुठे, कधी चारायची तेही ठरलेलं. अभयारण्य जवळपास दीड हजार चौरस किलोमीटरचं आहे; या सगळ्या कॉन्झर्व्हन्सी मिळून साधारण तेवढीच जमीन आज मोकळी आहे. ते भाडं कोण देतं? सिंह बघायला आलेला माणूसच ना?

मावशी: आणि जिथे भाडं पोचलं नाही तिथे?

दादा: तिथलं उदाहरण इथून पूर्वेला आहे. लोइटाचं पठार. मारात विल्डबीस्टचा आणखी एक कळप यायचा, सीमेपलीकडच्या, टांझानियातल्या सेरेंगेटीवाल्यांपेक्षा वेगळा. त्यांच्या माद्या लोइटात विणाऱ्या. ते पठार यंत्रांनी नांगरून गव्हाखाली आणलं. १९७७ साली त्या कळपात साधारण १ लाख १९ हजार जनावरं होती, पुढच्या वीस वर्षांत २२ हजार उरली. कोणी बंदूक चालवली नाही, कोणी गर्दी करून फोटो काढले नाहीत. वेताची जागा गेली आणि कळप संपत आला. म्हणून तू जेव्हा गाड्यांवर चिडतेस तेव्हा मला वाटतं, गाड्यांचं दुःख मोठं की कुंपणाचं?

मी इथे दादाच्या बाजूची आहे. माराच्या कडेने जाताना तारांची कुंपणं दिसतात, एकामागे एक, कुठे दोन पदरी, कुठे विजेची. विल्डबीस्ट तारेत अडकून मेल्याचं फोटोत कोणी दाखवत नाही, कारण तिथे सफारीची गाडी थांबतच नाही. डोळ्यांसमोरच्या गर्दीचा राग येणं सोपं आहे. शांतपणे वाढत जाणारं कुंपण रागाच्या टप्प्यातच येत नाही.

मावशीला मात्र हे उत्तर पुरलं नाही, आणि तिने जे पुढे काढलं त्यासाठीच हा लेख लिहावा असं मला वाटलं.

मावशी: तू म्हणतोस, पर्यटकाच्या पैशावर हा माळ टिकलाय. मी सांगू हा माळ कशावर उभा आहे? गाईला दिलेल्या टोचणीवर. बुळकांडी तुम्हा मुलांना माहीत नाही, तुमच्या सुदैवाने. मी नोकरीला लागले तेव्हा ती अजून होती. आधी कडक ताप, मग डोळ्यांतून पाणी, नाकातून शेंबूड. तोंड उघडून बघावं तर हिरड्यांवर कोंडा पसरल्यासारखे पांढरे डाग, दुसऱ्या दिवशी त्यांचे व्रण. मग हगवण सुटायची, पिचकारीसारखी, आणि तिचा वास गोठ्याच्या बाहेरून यायचा. आठवड्या-दहा दिवसांत खोंड आडवा. औषध नाही. लस एवढंच. १८८०च्या दशकाच्या शेवटी ही बुळकांडी आफ्रिकेच्या शिंगात उतरली, इटालियन फौजेसाठी आणलेल्या गुरांबरोबर. ती गुरं हिंदुस्थानातून आली असावीत असं मानतात. दहा वर्षांत ती पार दक्षिणेच्या टोकाला पोचली. मासाईंची बहुतेक गुरं गेली, आणि गुरं गेली तशी माणसं उपाशी मेली. रानरेडे मेले, विल्डबीस्ट मेले. पुढची साठ-सत्तर वर्षं विल्डबीस्टची वासरं आईचं दूध तुटलं की याच रोगाने मरत राहिली.

दादा: आणि मग लसीकरण झालं, हे मी वाचलंय. पण विल्डबीस्टना कोणी लस कशी देणार?

मावशी: दिलीच नाही! तीच तर गंमत आहे. सेरेंगेटीच्या भोवतालच्या गुरांना दिली. विल्डबीस्टला रोग गुरांकडून यायचा. गुरांमधला तुटला तसा रानातला आपोआप विझला, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच. १९६१ साली सेरेंगेटीत अडीच लाख विल्डबीस्ट होते, १९७७ पर्यंत तेरा लाख झाले. आता पुढचं ऐक. एवढी तोंडं गवतावर आली, तसं उन्हाळ्यात वाळून उभं राहणारं गवत कमी झालं. गवत कमी म्हणून वणवे कमी. वणवे कमी म्हणून रोपं जगली, झाडं वाढली. तुझ्या फोटोत संध्याकाळी बाभळीखाली जिराफ उभा असतो ना, त्या बाभळीच्या मागे कुठेतरी मासाईच्या गाईला टोचलेली सुई आहे. आणि मी आटपाडीत जी लस टोचत फिरले, ती वॉल्टर प्लोराइट यांनी इथे केनियात, मुगुगाच्या प्रयोगशाळेत तयार केलेल्या वाणाची. २०११ साली जगातून बुळकांडी संपल्याचं जाहीर झालं, त्या दिवशी आम्ही जुन्या सहकाऱ्यांनी एकमेकांना फोन केले होते.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारलं ते मला महत्त्वाचं वाटलं.

दादा: मग हे सगळं माणसाच्या हातून घडलेलं आहे असं धरलं, तर आपण इथे बघायला काय येतो? लोक माझ्याकडे येतात ते म्हणतात, माणसाचा हात न लागलेलं रान दाखव.

मावशी: ते तसं नाही, हे तू त्यांना सांगितलं पाहिजेस. त्यातून रान कमी दर्जाचं ठरत नाही. उलट मासाईंचा हिशेब तरी मांडता येतो. त्यांच्या गुरांना टोचलं, त्यामुळे विल्डबीस्ट वाढले. आणि १९५९ साली सेरेंगेटीतून त्याच मासाईंना त्यांच्या गुरांसकट बाहेर काढून न्गोरोंगोरोकडे पाठवलं. रान वाचवायचं तर त्यात माणूस नको, असं तेव्हाचे मोठे मोठे लोक मानत. बर्नहार्ड ग्झिमेक यांचंही तेच मत होतं ना?

दादा: होतं. पण त्यांच्यामुळे जगाला सेरेंगेटी कळलं हेही खरं. त्यांनी आणि त्यांच्या मुलाने झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या छोट्या विमानातून कळप मोजले. मुलगा मायकेल १९५९च्या जानेवारीत गेला. विमानावर गिधाड आदळलं. त्यांच्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं आणि युरोपातून लोक यायला लागले. मी त्या माणसाला सहजासहजी मोडीत काढणार नाही.

मावशी: मी तरी कुठे काढतेय? त्यांनी विल्डबीस्टचा हिशेब ठेवला, गाईचा ठेवला नाही, एवढंच म्हणते. आजही तो कोणी ठेवत नाही. विल्डबीस्टची वासरं जन्मली की पहिले तीन-चार महिने त्यांच्याकडून गुरांना एक ज्वर लागतो. लागला की जनावर बहुधा वाचत नाही. वासरांना स्वतःला काही होत नाही. त्यामुळे ज्या दिवसांत सगळ्यात कसदार गवत उगवलेलं असतं, त्याच दिवसांत मासाई गुराख्याला आपली गुरं तिथून लांब न्यावी लागतात. हे नुकसान तो वर्षानुवर्षं सोसतो. तुझ्या भाड्यात हे धरलंय का?

दादा: नसावं. भाडं एकराच्या हिशेबाने ठरतं.

मावशी: आणि २०२० साली विमानं बंद झाली तेव्हा भाड्याचं काय झालं?

दादा: अडचणीत आलं. कमी मिळालं, उशिरा मिळालं. देणग्या गोळा करून काही महिने निभावले. हा या पद्धतीतला खरा कच्चा दुवा आहे, मी नाकारत नाही. तरी लोकांनी जमिनी सोडवून घेतल्या नाहीत, बहुतेक टिकले. मग तूच सांग, याहून बरी व्यवस्था कोणती? सरकारने सगळं ताब्यात घ्यायचं? टांझानियात, लोलिओंडोत २०२२ साली तेच झालं. गुरांच्या चराऊ जमिनीत खांब रोवले, गोळीबार झाला, माणसं पळून सीमेपलीकडे केनियात आली. माझ्या ड्रायव्हरचे नातेवाईक तिथले आहेत.

मावशीकडे याला उत्तर नव्हतं, आणि तिने ते ओढूनताणून दिलंही नाही. ती म्हणाली, भाडं असू दे, पण ते देणाऱ्याने निदान हे समजून द्यावं की आपण कोणाच्या चराईवर उभे आहोत. मग ती पुन्हा सकाळच्या नदीवर आली. खरं तर तिची तक्रार गाड्यांच्या संख्येपेक्षा आपण जे बघतो त्यावर होती.

मावशी: ते पाच मोठे प्राणी आहेत ना, सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानरेडा, ती यादी शिकाऱ्यांची आहे. पायी जाऊन मारायला जे सगळ्यात धोक्याचे, ते पाच. बंदूक गेली, कॅमेरा आला, यादी तीच राहिली. आज सकाळी सिंहीण आणि तिचे बछडे आपल्यापासून वीस पावलांवर होते. एक बछडा तिच्या शेपटीचा गोंडा दातात धरून ओढत होता, दुसरा पोटाशी तोंड खुपसून पीत होता. ती झोपलेली असूनही तिचा कान दर क्षणाला माशा उडवत होता. मी तिच्या पोटाकडे बघत होते. पोट तुडुंब भरलेलं, म्हणजे रात्री खाल्लेलं. श्वास जोरजोरात, कारण एवढं मांस जिरवताना अंग तापतं. मला तिथे दुपारपर्यंत बसता आलं असतं. तेवढ्यात रेडिओवर कोणी म्हणालं, चुई, चुई. बिबट्या दिसला. सात-आठ मिनिटांत आपण निघालो.

दादा: कारण मागच्या सीटवरच्या चौघांनी बिबट्या कधीच पाहिला नव्हता! मावशी, इथे मला तुझं पटत नाही. निफाडचे ते द्राक्षबागायतदार काका दोन हंगाम चांगले गेले म्हणून बायकोला घेऊन आलेत. ते पुन्हा येणार नाहीत. त्यांना मी झेब्र्याच्या पोटाबद्दल सांगत बसू? तुला सिंहिणीच्या श्वासात रस आहे कारण तू जनावरांच्या अंगावर कान ठेवून आयुष्य काढलंयस. ज्याने कधी रानातला सिंह पाहिला नाही, त्याला तो पाहायचा असतो, त्यात हलकं काही नाही. आणि बंदुकीचं म्हणशील, तर १९०९ साली रूझवेल्ट इथे आले तेव्हा त्यांनी आणि मुलाने मिळून पाचशेच्या वर जनावरं मारली. केनियाने १९७७ साली शिकार बंद केली. शिकारीचा पैसा गेला, त्याची जागा बघणाऱ्यांनी भरली. यादी तीच असली तरी बिबट्या जिवंत राहतो.

मावशी: मी काकांना हलकं म्हटलं नाही. त्यांना सिंह दाखव, बिबट्याही दाखव. पण तू त्यांना विचार, आज काय पाहिलं? मी विचारलं. ते म्हणाले, सगळं पाहिलं, पण नीट काहीच आठवत नाही. आणि झेब्र्याचं पोट म्हणतोस, ते त्यांना समजलं नसतं असं का धरतोस? शेतकरी माणूस आहे. दुपारी गाडी पंक्चर झाली तेव्हा मी त्यांना समोरचा कळप दाखवला. झेब्रा रवंथ करत नाही. त्याला एकच जठर, घोड्यासारखं. निकस असलं तरी भरपूर खातो आणि पुढे ढकलतो. म्हणून उंच, जून, काडीचं गवत आधी तो उतरवतो. त्याच्यामागून विल्डबीस्ट येतो, तो खालचं पानाचं गवत खातो आणि रवंथ करतो. त्या दोघांनी रान मोकळं केलं की गझेल येते, इवल्या तोंडाची, ती नुकते फुटलेले कोंब वेचते. एकाच वावरावर तिघांची पाळी. काका म्हणाले, म्हणजे आधी कडबा, मग हिरवा चारा. चाक बदलेपर्यंत ते दुर्बीण खाली ठेवायला तयार नव्हते.

हे मी पाहिलं आहे. काकांनी नंतर कळपातल्या कोणाचं तोंड गवतात किती खोल जातंय ते मला दाखवलं होतं. त्या अर्ध्या तासात सिंह नव्हता, शिकार नव्हती. आणि तरीही गाडीतली सगळी माणसं पहिल्यांदाच एकाच ठिकाणी बघत होती.

दादा: बरं, हे चांगलं झालं, पण तू होतीस म्हणून झालं. ड्रायव्हरचा विचार कर. हा मुलगा परीक्षा देऊन गाइड झालाय. इथे कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा पायऱ्या आहेत; त्याने पक्ष्यांची नावं पाठ केलीत, ठशांवरून प्राणी ओळखतो. पण त्याची बक्षिसी ठरते ती किती दिसलं यावर. माणसं मागून खांद्यावर थोपटतात, अजून पुढे घे म्हणतात. त्याने घेतलं आणि रेंजरने पकडलं तर दंड त्याला, बंदी त्याच्यावर. एका प्राण्यापाशी पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत हा इथला नियम आहे. सहावी गाडी ज्याची, त्याला मागचे लोक म्हणतात, आम्ही एवढे पैसे भरलेत. २०२५च्या जुलैत नदीच्या टांझानियाच्या बाजूला लोक गाड्यांतून खाली उतरून काठावर उभे राहिले, कळप अडला, त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. ती माणसं काही दुष्ट नव्हती.

मावशी: नव्हती. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एकदा वर्षाच्या शेवटच्या दिवशी वाघीण आणि तिचे बछडे जिप्सींच्या मध्ये अडकले, त्या जिप्सीतली माणसंही नव्हती. नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. मी माणसांना दोष देत नाही, मी रेडिओला देते. रेडिओ आहे तोवर प्रत्येक गाडीला प्रत्येक प्राण्याचा पत्ता लागणार आणि सगळ्या तिकडेच धावणार. सकाळी दोन तास रेडिओ बंद ठेव. जे आपल्याला दिसेल ते आपलं.

दादा: आणि काही दिसलं नाही तर?

मावशी: इथे? या माळावर काही दिसलं नाही असं होऊच शकत नाही.

दादा हसला, पण त्याचा पुढचा प्रश्न पैशाचा होता आणि तो टाळण्यासारखा नव्हता.

दादा: समज, सगळ्यांनी तुझं ऐकलं. गाड्या निम्म्या केल्या. मग प्रत्येक गाडीमागचा खर्च वाढणार. अभयारण्यात परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबर दिवसाला दोनशे डॉलर भरावे लागतात, २०२४ पासून. कॉन्झर्व्हन्सीत राहणं त्याहून महाग. गर्दी कमी करायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे दर वाढवणं, आणि तो वाढला की काका येऊ शकत नाहीत, श्रीमंत युरोपियन येतो. तुला हे चालेल?

मावशी: नाही चालणार. पण मग सगळ्यांनी ऑगस्टमध्येच का यायचं? जानेवारी ते जून तेच प्रवेशशुल्क शंभर डॉलर आहे, हे तूच म्हणालास. सिंह काय विल्डबीस्टच्या मागे देश सोडून जातात? त्यांचा टापू ठरलेला, ते इथेच असतात. हत्ती असतात, तरस असतात, जिराफ असतात. फक्त नदी ओलांडणारा कळप नसतो. तेवढ्या एका दृश्यासाठी सगळं जग दोन-अडीच महिन्यांत इथे कोंबायचं, आणि मग गर्दी झाली म्हणायचं.

दादा: ते दृश्य नुसतं दृश्य नाही, मावशी. तू नदी बघितलीस, नदीच्या खालचं नाही. २०१७ साली एक अभ्यास आला. वर्षाला सरासरी सव्वासहा हजार विल्डबीस्ट या नदीत बुडून मरतात. अकराशे टन मांस. गिधाडं आणि मराबू करकोचे त्यातलं थोडंच खातात. उरलेलं नदी खाते, मासे खातात. आणि हाडं विरायला सात वर्षं लागतात. तेवढा काळ त्यांच्यातलं फॉस्फरस पाण्यात झिरपत राहतं, हाडांवर शेवाळी थर चढतो, तो मासे खरवडून खातात. मी क्रॉसिंग दाखवतो तेव्हा हे सांगतो. मरणाऱ्या जनावरांकडे टाळ्या वाजवत बघू नका, ही नदी यावर जगते.

मावशी: हे मला माहीत नव्हतं. सात वर्षं? हाडांवरचा थर मासे खातात?

तिने त्याला आणखी बरंच विचारलं: कोणते मासे, पाणी खाली कुठे जातं, गावं ते पितात का. नदी व्हिक्टोरिया सरोवराला मिळते, हे त्याने सांगितलं. मग गोष्ट न्दुतूवर आली. सेरेंगेटीच्या दक्षिणेला, ज्वालामुखीच्या राखेने झालेल्या आखूड गवताच्या माळावर, जानेवारी ते मार्च या दिवसांत विल्डबीस्ट वितात. राखेतल्या कॅल्शियम-फॉस्फरसमुळे तिथलं गवत दुभत्या मादीला मानवतं.

दादा: तीन आठवड्यांत चार-पाच लाख वासरं, मावशी. दुपारच्या आत बहुतेक जन्मतात. मी एकीचं पूर्ण पाहिलं. ती कळपातून फार लांब गेली नाही. आडवी झाली, उठली, पुन्हा आडवी. पुढचे दोन पाय बाहेर आले, पांढुरक्या पिशवीतले, खूर मऊ, पिवळट. मग नाक. ती उभी राहिली तेव्हा वासरू अर्धं लोंबत होतं. पडलं. तिने चाटलं. ते उठायला गेलं, तोंडावर आपटलं, मागचे पाय फाकले, पुन्हा आपटलं. सहा-सात मिनिटांत उभं. थोड्या वेळात आईच्या बरोबरीने पळत होतं.

मावशी: वार पडली का तिची?

दादा: ते मी पाहिलं नाही. तरस आला, कळप हलला.

मावशी: म्हणजे वार अंगातच घेऊन धावली असेल. गाईला तेवढं जमणार नाही. सगळ्या एकदम वितात ते बरोबर आहे, तरस खाऊन खाऊन किती खाणार? हे बघायला मला ने. इथलं क्रॉसिंग नको मला.

दादा: आणखी एक ऐक. उपग्रहाच्या चित्रांवरून संगणकाने कळप मोजले. २०२५ मध्ये ते छापून आलं. सहा लाखांहून कमी भरले. आपण सगळे तेरा लाख, पंधरा लाख म्हणतो. विमानातून मोजणारे आणि हे, दोघांचं जमत नाही. काही झाडांखाली दडले असतील, मोजणीची पद्धत वेगळी असेल. पण मला रात्री झोपताना तो आकडा आठवतो. लोइटासारखं इथेही चाललं असेल आणि आपण नदीवर एक कळप बघून म्हणत असू, केवढे आहेत!

मावशी: मग मोजणाऱ्यांना मोजू दे, भाडं चालू राहू दे, आणि कुंपण काढायला लावणारा पैसा वाढू दे. यात तुझा धंदा हवाच, मी आता तो बंद कर म्हणणार नाही. पण ऑगस्टच्या गटाला नदीवर एकच सकाळ ने, बाकी दिवस कॉन्झर्व्हन्सीत. आणि फेब्रुवारीचा एक गट न्दुतूला कर.

दादा: उद्या सकाळी मात्र सगळे नदीवरच जाऊ म्हणतील. आज झालं नाही ना.

मावशी: जाऊ या. अलीकडच्या काठावर, उतरणीपासून आणि चढणीपासून लांब. कमी दिसेल, असं आधीच सांगून ठेव.

दादा: आणि बाकीच्या गाड्या पुढे घुसल्या तर? आपल्या लोकांना फक्त दुसऱ्यांच्या गाड्यांची छपरं दिसतील.

मावशी: तरी आपण मागेच.

दादा: मग मला ते आज रात्रीच बोललं पाहिजे. एकदा गाडीत बसल्यावर कोणी ऐकत नाही. काकांना तू सांग, बाकीच्यांशी मी बोलतो.